मोजणीबाहेरचे

१
फुलांच्या कास पठारावर हंगामात दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा. बुकिंग आधी करायचे. त्यामुळे कासला किती माणसे आली, ते कळते. साताऱ्यात संध्याकाळी टेकडीवरच्या ‘चार भिंती’ या जुन्या वास्तूपाशी किती बसतात, ते कुणाला माहीत नाही. तिथे तिकीट नाही.

२
चार भिंती बांधल्या १८३० मध्ये, प्रतापसिंह महाराजांच्या काळात. दसऱ्याची मिरवणूक राजघराण्यातल्या स्त्रियांना वरून बघता यावी म्हणून, असे सातारकर सांगतात.
आता दिवेलागणीच्या आत बायका खाली उतरतात.

३
युनेस्कोच्या यादीत कास २०१२ साली गेले. पश्चिम घाटातल्या ३९ जागा निवडल्या, त्यांतली ही एक. नाव झाले, गाड्या वाढल्या, लोक फुलांत लोळून फोटो काढू लागले. मग पठाराला जाळीचे कुंपण आले. कुंपणाने माणसे अडली. गुरेही अडली. चराई थांबली तसे गवत माजले आणि सीतेची आसवे, गेंद अशी बोटभर उंचीची फुले त्यात हरवू लागली, अशी ओरड झाली. कातळावरची माती जेमतेम काही इंच. तिथे गवत आणि फुले एकमेकांच्या मुळावरच असतात. अखेर जाळी काढली.
हे पठार म्हशींनीही राखले होते. गुराख्याला ते आधीच माहीत असणार. पर्यटक-पाहणीचा फॉर्म मात्र पर्यटकाकडूनच भरून घेतात.

४
कासची टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. नगरपालिकेची मुदत पाच वर्षे.

५
लोक मोकळ्या वेळात घराबाहेर पडून काय करतात आणि पुढे काय करतील, हे शोधायला अमेरिकेने १९५८ साली एक आयोग नेमला. अहवाल आला १९६२ मध्ये. निष्कर्ष साधे निघाले. लोकांना सगळ्यांत आवडते ते गाडीतून उगाच भटकणे आणि पायी फिरणे. पाणी दिसले की तिथे रेंगाळणे. आणि मोकळ्या जागांची खरी निकड शहरांजवळ, उद्याने मात्र दूर.
आयोग सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर येऊन बसला असता, तर एका संध्याकाळीत काम आटोपले असते. पूल १९२९ पासून आहेच.

६
यवतेश्वरचा घाट, पहाट. धावणारे वर चाललेले, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली खाली येणाऱ्या. २०१२ पासून इथे हिल हाफ मॅरेथॉन होते आणि एरवीही सराव चालू असतो. धावपटूंच्या अ‍ॅपमधून कोण कुठे पळते याचे नकाशे तयार होतात. ते बघून काही शहरे रस्ते आखतात. ज्याचे अ‍ॅप चालू असेल, त्याचीच रेघ नकाशावर उमटते. दूधवाला रोज तोच घाट चढतो-उतरतो. त्याची रेघ नाही.

७
सागरेश्वर. सांगली जिल्ह्यातला एकेकाळचा उघडाबोडका डोंगर. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, माणसे जमवली, झाडे लावली. सांबर, चितळ बाहेरून आणून सोडले. १९८५ साली अभयारण्य झाले: १०.८७ चौरस किलोमीटर. पायथ्याला देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव.
एरवी आपण जंगल बघायला जातो म्हणजे उरलेले बघायला जातो. इथे केलेले बघायला मिळते. शाळेच्या सहली इथे आणायला हव्यात आणि पोरांच्या हातात खुरपे द्यायला हवे. (सहलीच्या परिपत्रकात खुरपे बसणार नाही, याची कल्पना आहे.)
हरणेही बाहेर फिरायला जातात. उसात. शेतकरी त्याला सहल म्हणत नाही.

८
कृष्णाकाठी पूररेषा आखलेल्या आहेत. नदी आणि निळी पूररेषा यांच्या मधल्या पट्ट्यात घर बांधता येत नाही. बाग, हिरवळ, मोकळे मैदान चालते. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेले. सांगलीला नदीकाठची मोकळी जागा कुणी दिली असेल तर पुराने.
बाकांना गंज लागतो, एवढेच.

९
कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकवणारे आहेत. वर भिलवडी-औदुंबरकडे पात्रात मगरी आहेत.

१०
एका बागेच्या फाटकावर पाटी: सकाळी ५ ते ९, सायंकाळी ४ ते ८. हिरवळीवर बसू नये. चेंडू खेळू नये. मोठ्याने बोलू नये.
दुपारी बारा. फाटकाबाहेरच्या एकुलत्या लिंबाखाली हमाल आडवे झालेले. आत वीसेक झाडांची सावली, कुलूपबंद.

११
विल्यम व्हाइट नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने न्यूयॉर्कचे चौक कॅमेऱ्याने टिपले आणि १९८० साली पुस्तक लिहिले. वर्षानुवर्षे बघून त्याला कळले, ते असे: बसायला जागा असते तिथे माणसे बसतात.
आपल्याकडे ओपन जिम आली. सायकलच्या सीटवर आजी, पाय ओढायच्या यंत्रावर दुसरी आजी. गप्पा चालू. बाके दोनच, त्यांवर नगरसेवकांची नावे.

१२
केंद्राच्या नगररचना मार्गदर्शिकेत शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी, असे आहे. राज्याच्या नियमांप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के ‘ओपन स्पेस’ सोडावीच लागते. सोडतात. नकाशात हिरवी असते. जागेवर मंडळाची शेड, वाळूचा ढीग, नाहीतर कुणाची तरी गाय.

१३
चांदोली राष्ट्रीय उद्यान: ३१७.६७ चौरस किलोमीटर, चार जिल्ह्यांत पसरलेले. पावसाळ्यात बंद. आतली गावे कधीच उठली. त्या गावच्या माणसालाही आता आत जायला परवानगी लागते.

१४
एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. पंचाहत्तरीपुढे सगळ्यांनाच फुकट. सज्जनगडच्या पायऱ्यांवर, औदुंबरच्या घाटावर गटागटाने आलेल्या बायका. डबे सोडलेले, चपला काढलेल्या, हास्यविनोद.
फिरायला आलात का, असे विचारले. सगळ्यांनी मान हलवली. ‘नाही ओ, देवाला आलोय.’
पर्यटक-पाहणीत यांची नोंद ‘धार्मिक’.

१५
बागेत कॉलेजची मुलगी पाहणीचा फॉर्म भरून घेते आहे. शेवटचा प्रश्न: आपण काय सुधारणा सुचवाल? पहिल्या बाई म्हणाल्या, संडास. दुसऱ्या म्हणाल्या, बायकांसाठी संडास, आणि त्याला आतून कडी. तिसऱ्या बाईंनी आधीच्यांनी काय लिहिले ते विचारून घेतले.
‘मग माझंबी तेच लिव.’