दूध कोण पितंय?

मागच्या श्रावणातली गोष्ट. माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. वर्गातला बाळू (हे काही त्याचं खरं नाव नव्हे) अंगानं अगदी काडी. एक दिवस त्याची आई शाळेत आली नि म्हणाली, "बाई, रोज पेलाभर दूध देते त्याला, पण पोराच्या अंगाला लागत न्हाई बघा." मी वह्या तपासता तपासता म्हटलं, "जंताचं औषध द्या." झालं! बाईंचा सल्ला संपला.

आठवड्यानं खरा प्रकार उघड झाला. मधल्या सुट्टीत बाळूनं दप्तरातून प्लॅस्टिकची बरणी काढली. झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं आणि आत वीतभर लांबीचं सापाचं पिल्लू! खरं सांगते मुलांनो, पोरं किंचाळायच्या आधी मीच खुर्चीमागे गेले होते.

बरणी टेबलावर ठेवायला लावली, झाकणाला कुणी हात लावायचा नाही अशी ताकीद दिली आणि तालुक्याच्या सर्पमित्राला फोन केला. तो येईपर्यंत बाळूची उलटतपासणी. पिल्लू ओढ्याकाठी सापडलेलं. आपल्या वाटणीचं दूध तो बाटलीच्या बुचातून त्याला देत होता. शिवाय गोठ्यातल्या फळीवर पिल्लाला सरळ धरून रोज पेन्सिलीनं रेघ मारायचा. "अकरा दिवस झाले बाई, रेघ पुढं सरकतच न्हाई. नुसती जाड व्हत चाललीय."

मला हसूही येईना. मी स्वतः नऊ वर्षांची असताना नागपंचमीला गारुड्याच्या नागाला दूध पाजलं होतं आणि 'आमच्या घरचं सगळं प्यायला' म्हणून गल्लीभर मिरवले होते. त्या नागाला आधी कित्येक दिवस पाण्याचा थेंबही न देता तहानलेला ठेवतात, म्हणून तो समोर येईल ते पितो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. दूध सापाला पचत नाही. फुप्फुसात गेलं तर जिवावरच बेततं.

सर्पमित्र आला. पिल्लू बघून म्हणाला, "पाणदिवड. बिनविषारी आहे. पण बाळू, विषारी असतं तर? पिल्लाच्या दातांतही विष असतं, आणि लहान साप ओळखताना मोठी माणसंसुद्धा चुकतात." बाळूची मान खाली.

मग त्यानं रेघेचं कोडं सोडवलं. पाणदिवडाची पिल्लं बेडकांची पोरं, लहान मासे असं खातात. नीट खायला मिळालं की भराभर वाढतात आणि अंगावरची कातडी पुरेना झाली की कात टाकतात. उपाशी पिल्लू मरत नाही लगेच, आहे तिथंच थांबतं. साप आठवडेच्या आठवडे उपाशी काढू शकतो, म्हणून पाळणाऱ्याला वाटतं, बरं चाललंय.

अमेरिकेत कॉर्न स्नेक नावाचा बिनविषारी साप मुलंसुद्धा पाळतात. त्याच्या पिल्लाला साधारण आठवड्याला उंदराचं एक इवलं पिल्लू देतात, मोठ्याला दोनेक आठवड्यांनी उंदीर. लवकर वाढावा म्हणून कोंबून खायला घातलं, तर साप लठ्ठ होऊन आजारी पडतो. आणि अंगाला पुरेशी ऊब नसेल तर खाल्लेलंही पचत नाही, कारण सापाचं शरीर आपल्यासारखी उष्णता तयार करत नाही.

"मग मी मासे देतो की!" बाळूचे डोळे चमकले.

"नाही रे. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं साप पकडायला आणि पाळायला बंदी आहे."

संध्याकाळी आम्ही तिघं ओढ्यावर गेलो. सर्पमित्रानं बरणी आडवी धरली. पिल्लू क्षणभर थांबलं आणि पाण्यात शिरलं ते दिसेनासंच झालं. बाळू बराच वेळ रिकामी बरणी धरून उभा होता.

"बाई, आईला सांगणार?"

"दुधाचं तू सांग. सापाचं मी सांगते."

थोडं पुढं गेल्यावर त्यानं विचारलं, "त्याची कात सापडली तर आपलाच हाय म्हणून कळंल का?"

"दिवडाची आहे एवढं कळेल. आपलाच, हे नाही कळायचं."

"पण मोठी असली म्हंजे झालं," बाळू म्हणाला.