आधी गौरी, मग गणपती

बंगळूरच्या इंदिरानगरात 2011 पासून मेट्रो धावते. पण भाद्रपदात स्टेशनाबाहेर पडलात, की केळीचे खांब नि फुलांच्या माळाच सणाची वर्दी देतात. धाकट्या बहिणीकडे मी पोहोचले ती हरतालिकेच्या दिवशी. पाहते तो शेजारी गौरी बसलेली! कर्नाटकात याच भाद्रपद शुद्ध तृतीयेला 'गौरी हब्ब' असतो. गौरी माहेरी येते आणि दुसऱ्या दिवशी गणपती आईला न्यायला येतो, अशी तिथली श्रद्धा. आपल्याकडे आधी गणपती, मग ज्येष्ठा गौरी.

संध्याकाळी शेजारच्या कानडी मावशींनी बहिणीला 'बागिन' दिले. एका सुपात तांदूळ, डाळी, गूळ, नारळ, हळदकुंकू, बांगड्या, फणी, आरसा, खण. वर दुसरे सूप पालथे. हे वाण लेकीला माहेरून यायचे असते. आमची आई आता नाही. मावशींनी पदराआडून सुपे पुढे केली, तेव्हा बहिणीचे डोळे भरून आले.

पुढे अनुराधा नक्षत्रावर तिच्या घरी आपल्या गौरी आल्या. पूजनाच्या दिवशी सवाष्ण म्हणून पाटावर बसल्या, त्या याच मावशी. पानातली पुरणपोळी पाहून हसत म्हणाल्या, "अगं, हा तर आमचा ओबट्टू!"