यूकॉनच्या मुलींचे गुडघे



मागच्या वेळी कुरडयांच्या चिकावर लिहिलं होतं, या वेळी लिहिते बास्केटबॉलवर. हसू नका. आमच्या घरी सगळे हसून झाले आहेत.

माझी मुलगी अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्डजवळ राहते. हार्टफर्ड म्हणजे विमा कंपन्यांचं शहर, आणि जावई त्यातल्याच एका कंपनीत संगणकाचं काम बघतात. तिथून चाळीसेक किलोमीटरवर स्टॉर्स नावाचं लहानसं गाव आहे आणि त्या गावात कनेक्टिकट विद्यापीठ. लोक त्याला 'यूकॉन' म्हणतात. या विद्यापीठाची मुलींची बास्केटबॉल टीम म्हणजे तिथल्या घराघरातला विषय. मी 2016 मध्ये लेकीच्या बाळंतपणाला गेले आणि बाळाला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसता बसता यूकॉनची चाहती झाले. त्या वर्षी या मुलींनी सलग चौथ्यांदा, एकूण अकराव्यांदा देशाचं विजेतेपद जिंकलं होतं. मी वाशीमला परतले आणि टीम अंतिम विजेतेपदाला मुकायला लागली, ती थेट नऊ वर्षं. जावई म्हणतात, "आई, तुम्ही परत यायला हवं होतं."

तिथे रात्री सातचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. सामायिक आटोपलं की मी मोबाइलवर आकडे बघते. मुलगी शेवटच्या मिनिटांची दृश्यं पाठवते, ती मंदिरातून आल्यावर बघते. बी. कॉम. झालेल्या बाईला वही घातल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून या नऊ वर्षांचा हिशेब मी लिहून ठेवला आहे. तोच आज मांडते.

आधी थोडं समजून घ्या. मैदानात एका वेळी पाच मुली, बाकी बाकावर. मार्चमध्ये देशभरातल्या साठाहून जास्त कॉलेज टीमची बाद फेरी होते. एक सामना हरला की सरळ घरी. शेवटच्या चारात पोचणं हाच मोठा मान. यूकॉनचे प्रशिक्षक जीनो ऑरिएमा इटलीत जन्मलेले, लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेले. 1985 पासून ते आणि त्यांच्या सहकारी क्रिस डेली हीच टीम सांभाळत आहेत. त्यांच्या आधी या टीमला विचारत कोण होतं?

आता खर्चाची बाजू. 2017 मध्ये सलग 111 सामने जिंकून ही टीम उपांत्य फेरीत मिसिसिपी स्टेटकडून जादा वेळेत हरली, शेवटच्या क्षणी पडलेल्या बास्केटने. 2018 मध्ये नोटर डेमकडून पुन्हा तसंच, जादा वेळ आणि शेवटचा फटका. 2019 मध्ये पुन्हा नोटर डेम. 2020 ला कोरोनामुळे स्पर्धाच झाली नाही. 2021 मध्ये अ‍ॅरिझोना. 2022 मध्ये अंतिम सामना गाठला आणि साउथ कॅरोलायनाकडून 64-49 असा हरला. त्याआधी अकरा वेळा अंतिम सामन्यात उतरून अकराही वेळा जिंकलेली ही टीम! 2023 मध्ये तर शेवटच्या सोळातच ओहायो स्टेटने बाहेर काढलं आणि सलग चौदा स्पर्धांत शेवटच्या चारात जाण्याची परंपरा तुटली. 2024 मध्ये आयोवाकडून 71-69, फक्त दोन गुणांनी.

त्या आयोवाच्या सामन्यावर लोक अजून भांडतात. जेमतेम चार सेकंद उरले होते, यूकॉन एका गुणाने मागे, चेंडू यूकॉनकडे. आणि पंचांनी यूकॉनच्या आलिया एडवर्ड्सवर फाउल दिला. माझा जावई दोन दिवस धड जेवला नाही. पण टीमची मुख्य खेळाडू पेज बेकर्स त्याच रात्री म्हणाली की एका शिट्टीवर सामना जात नाही. मला ते पटलं. चाळीस मिनिटांच्या सामन्याचा दोष शेवटच्या चार सेकंदांवर टाकणं म्हणजे वर्षभराची उधळपट्टी मार्चएंडला आलेल्या एका बिलावर ढकलणं.

मग खरी कारणं कोणती? माझ्या वहीत तीन आहेत.

पहिलं कारण आनंदाचं आहे. बाकीच्या टीम सुधारल्या. साउथ कॅरोलायनाने 2017, 2022 आणि 2024 अशी तीन विजेतेपदं घेतली. चांगल्या मुली आता एकाच दारात रांग लावत नाहीत. 2024 चा मुलींचा अंतिम सामना पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला, हे पहिल्यांदाच घडलं. खेळ वाढला की जुन्या विजेत्याला हरावंच लागतं. त्याचं दुःख किती करायचं?

दुसरं कारण आहे अंगमेहनतीचं. बास्केटला लागून उडालेला चेंडू जो झडप घालून घेतो त्याला 'रिबाउंड' मिळाला म्हणतात. 2022 च्या अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायनाने असे 49 चेंडू घेतले, यूकॉनने 24. सुंदर नेमबाजी सगळ्यांना दिसते, पडलेलं उचलणारीचं काम कोणाला दिसत नाही. घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

तिसरं कारण सगळ्यात मोठं, ते म्हणजे गुडघे.

पेज बेकर्स पहिल्याच वर्षी, 2021 मध्ये, देशातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. त्या डिसेंबरात तिचा गुडघा दुखावला, दोन महिने गेले. ऑगस्ट 2022 मध्ये त्याच गुडघ्याचा मधला दोर, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, तो तुटला आणि अख्खं वर्ष गेलं. दुसरी उत्तम खेळाडू अ‍ॅझी फड, तिचा नोव्हेंबर 2023 मध्ये सरावात तुटला. जानेवारी 2024 मध्ये ऑब्री ग्रिफिनचा. 2023 च्या जानेवारीत तर अशी वेळ आली की खेळण्याजोग्या सात मुलीही उरल्या नाहीत आणि सामना पुढे ढकलावा लागला. जगातल्या सर्वात श्रीमंत विद्यापीठांच्या देशात, सर्वात नावाजलेल्या टीमवर ही वेळ! पुढच्याच महिन्यात ही टीम जवळजवळ तीस वर्षांत पहिल्यांदा लागोपाठ दोन सामने हरली. ओहायो स्टेटने पूर्ण मैदानभर पाठलाग करून त्यांच्या हातून 25 वेळा चेंडू घालवला, त्यातही मला थकव्याचाच हात दिसतो. पाच-सहा जणींनी पूर्ण वर्ष ओढायचं तर मार्चपर्यंत पाय राहतील कुठे?

इथे प्रशिक्षकांवर माझी एक तक्रार आहे. मुली धडधाकट असतानाही मोठ्या सामन्यात ते मोजक्या सात-आठ जणींवरच भरवसा ठेवतात. बाकावरच्या मुलीला अवघड वेळी खेळवलंच नाही, तर अवघड वेळ तिच्यावर आली की ती शिकणार कधी? आपल्या घरातही असंच असतं. थोरल्या सुनेला सगळं येतं म्हणून सगळं तिच्यावर. मग ती आजारी पडली की दशलक्षण पर्वात सोळ्याचं सामान कुठे आहे हे कोणालाच माहीत नसतं.

हे सगळं मी दुरून बघत होते, तोच गेल्या डिसेंबरात गुडघा आमच्या घरात आला.

माझी नात, मुलाची मुलगी, इथेच वाशीमला बी. कॉम. दुसऱ्या वर्षाला आहे. मी शिकत होते तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं आणि पदवी नागपूर विद्यापीठाची मिळायची. आता आपला जिल्हा वेगळा, विद्यापीठ अमरावतीचं. कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये जुलैत आठ मुली होत्या. एकीचं लग्न ठरलं. एकीच्या गावाची शेवटची बस सरावाआधीच सुटायची. तिसरी आपल्याच समाजातली, डिसेंबरात पावणेसहाला सूर्य मावळतो आणि सराव सहापर्यंत, म्हणून तिचं जेवण राहायचं. तिने सोडलं. उरल्या पाच. म्हणजे बाकावर कोणीच नाही. एका सामन्यात नात उडी मारून खाली आली आणि गुडघ्यातून कट्कन आवाज आला. ती मैदानाबाहेर गेल्यावर चौघींनीच सामना संपवला. नियमाने तसं खेळता येतं. हरल्या, पण संपवला.

अकोल्याला एमआरआय झाला. निदान तेच, एसीएल. जानेवारीत ऑपरेशन झालं. घरात दोन वाक्यं ऐकू आली. पहिलं, "आता पुरे तो खेळ." दुसरं हळू आवाजात, "बायोडाट्यात लिहायचं का?"

सख्यांनो, या दुसऱ्या वाक्यासाठी मी हा लेख लिहायला बसले. मुलाचा क्रिकेट खेळताना हात मोडला तर तो चार लोकांत कौतुकाने सांगितला जातो. मुलीचा गुडघा मात्र लपवायचा? आणि जिथे हा दोर तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा दुपटीहून जास्त आहे, तिथे लपवून कोणाचं भलं होणार? लपवलं की पुढची मुलगीही तशीच पडते. उडीवरून उतरताना गुडघे वाकवून उतरायचं, ते आत वळू द्यायचे नाहीत, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळ द्यायचं, खेळाआधी पंधरा-वीस मिनिटं नीट तयारी करायची, एवढ्याने धोका बराच कमी होतो. हे आमच्या नातीला ऑपरेशननंतर फिजिओथेरपीच्या ताईंनी शिकवलं. आधी कोणी शिकवलं नव्हतं.

खेळ सोडायचा की नाही, हे ठरवायला मी घरात मुदत मागितली. नऊ महिने ते वर्ष बरं व्हायला लागतं, तोवर निर्णय नाही. घाईने मैदानात नाही आणि घाईने घरातही नाही. मी नातीला यूकॉनचा जमाखर्च दाखवला, यावेळी जमेची बाजू.

बेकर्स वर्षभर बाकावर बसून परत आली. अ‍ॅझी फड गेल्या नोव्हेंबरात परतली. सारा स्ट्राँग नावाची पहिल्या वर्षाची धिप्पाड मुलगी टीममध्ये आली, पडलेला चेंडू सोडत नाही अशी. वर्षभरात तीन सामने हरले, पण बाक भरलेला होता. 6 एप्रिल 2025 ला, आपल्या महावीर जयंतीच्या चार दिवस आधी, त्याच साउथ कॅरोलायनाशी अंतिम सामना झाला. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. नात पाय उशीवर ठेवून आणि मी खुर्चीत, दोघी जाग्या होतो. यूकॉन 82-59 जिंकली. बारावं विजेतेपद, नऊ वर्षांचं पारणं!

पण माझ्या वहीत मी वेगळाच आकडा अधोरेखित केला आहे. त्या सामन्यात फडचे 24 गुण, स्ट्राँगचे 24 गुण आणि 15 रिबाउंड. आणि जिच्या नावाने ही टीम ओळखली जायची त्या बेकर्सचे 17. आठच दिवसांनी व्यावसायिक लीगच्या निवडीत तिचं नाव सगळ्यात पहिलं घेतलं गेलं, म्हणजे ती कमी झाली नव्हती. फक्त सगळं वजन तिच्या एकटीच्या गुडघ्यावर उरलं नव्हतं. ही टीम इतकी वर्षं हरली ती मुली कमी पडल्या म्हणून नाही, तर मुली कमी होत्या म्हणून. माझं चाहतीचं निदान एवढंच आहे.

आता आपलं काम. पुढच्या महिन्यात कॉलेज सुरू होईल. नातीच्या टीमला बाकावर मुली हव्यात. आम्ही पाच-सहा जणींनी मिळून सरांना विनंती केली, सराव सकाळी साडेसहाला ठेवायचं त्यांनी मान्य केलं आहे, म्हणजे सूर्यास्ताचाही प्रश्न नाही आणि शेवटच्या बसचाही. लांबच्या मुलींसाठी शनिवारी मुक्कामाची सोय दोन घरांनी पत्करली आहे, त्यातलं एक आमचं. सरावानंतर भिजवलेले मूग, शेंगदाणे, गूळ आणि ताक द्यायचं आहे. कोणाला एखादा वार घ्यायचा असेल तर कळवा. आणि घरात उंच, चपळ, सतत बडबड करणारी नात किंवा पुतणी असेल तर तिला पाठवा.

नात ऑक्टोबरपर्यंत खेळणार नाही. ती बाकावर बसून गुण लिहिणार आहे. पुढचं ती ठरवेल. बायोडाटा मात्र मी आणि सूनबाईंनी मिळून लिहून ठेवला आहे. त्यात एक ओळ आहे: विद्यापीठ स्तरावर बास्केटबॉल, उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, प्रकृती उत्तम.

जय जिनेंद्र.