उकरायचा राहिलेला कोपरा

आमच्या तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद त्याला महिनाभर एकही डाव शिकवीत नसत. हातात खोरं देत. पहाटे चारला उठायचं, कंदील खुंटीला अडकवायचा आणि अख्खा हौद उकरायचा. माती वीतभर खोल हलली पाहिजे, ढेकूळ बोटांनी फुटलं पाहिजे, खडा दिसला की बाहेर. मग फळीला दोरी बांधून, तिच्यावर एखादं बारकं पोर बसवून सगळा हौद सपाट करायचा. तोवर आमचे दंड भरून यायचे. वस्ताद म्हणायचे, "आरं, रातभर माती आखडून बसती. तिला जागी केल्याबिगर अंग टाकलंस तर हाडं मोजून घेईल तुझी."

माती तांबडी, चाळलेली. अधूनमधून तीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळायचा. ताका-तेलानं माती मऊ राहते, हळदीनं खरचटलेलं चिघळत नाही, हा वस्तादांचा हिशेब. पाणी मात्र बेतानं. कोरडी माती अंग सोलते, डोळ्यांत जाते. फार ओली झाली की पाय निसटतो. मूठभर माती घेऊन लाडू वळायचा. तो वळला पाहिजे आणि टिचकी मारली की फुटलाही पाहिजे. एकदा वस्ताद आम्हाला कोल्हापूरला खासबागेत कुस्त्या बघायला घेऊन गेले. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान 1912 सालचं. आम्ही पैलवान बघत होतो. वस्ताद माती बघत होते.

जत्रेचं मैदान मात्र तालमीसारखं नसायचं. चैत्रात ओढ्याकाठच्या काळ्या रानात कुस्त्या व्हायच्या. उन्हानं ते रान दगडासारखं झालेलं असे. आदल्या दिवशी नांगरायचं, कुळवायचं, ढेकळं फोडायची, पाणी शिंपडायचं आणि वर तांबडी माती पसरायची. त्या वर्षी मी सतरा वर्षांचा होतो. बांधाकडचा कोपरा माझ्या वाटणीला आला. तिथं बैलांना वळायला जागा नाही, कुदळीनंच खणावं लागतं. दिवस मावळला, गावात तमाशाची ढोलकी वाजायला लागली. मी चार-दोन घाव घातले आणि वरून तांबडी माती पसरून मोकळा झालो. दिसायला सगळं एकसारखं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या चुलतभावाची कुस्ती लागली. आम्ही दोघं एका वयाचे, एका ताटात जेवलेले. कुस्ती रंगली आणि रेटारेटीत दोघं त्याच कोपऱ्यात आले. समोरच्या गड्यानं ढाक मारली. उकरलेल्या मातीत माणूस पडला की माती दबते, थोडा मार आपल्या अंगावर घेते. इथं तो सगळा मार एकट्या खांद्यानं घेतला. आवाज मला बांधावर ऐकू आला. हासळीचं हाड मोडलं होतं.

लोक म्हणाले, नशीब. मी रात्रभर जागा होतो. पहाटे वस्तादांपुढं जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाले, "मला कशापायी सांगतोस? हाड कुणाचं मोडलंय?"

भावाचा उजवा हात गळ्यात बांधलेला. मी त्याला भाकरी भरवत होतो. मान खाली घालून बोललो. त्यानं घास गिळला आणि म्हणाला, "तरीच म्हटलं, एवढं टणक कसं लागलं."

हाड जुळलं, पण वाकडं. पुन्हा त्यानं लंगोट लावला नाही.

आता आमच्या भागात मॅटवरच्या कुस्त्याही होतात. तिथंही पोरांना मी तेच सांगतो. दोन तुकड्यांच्या सांध्यात फट राहिली तर पायाचं बोट अडकतं, सांडलेला घाम पुसला नाही तर पाय सरकतो. कुस्तीत पडणं कुणाला चुकलेलं नाही, पण पडणाऱ्याच्या खाली काय आहे, ते आदल्या दिवशी आपल्या हातात असतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी मी अजून कुदळ घेऊन रानात जातो. भाऊ बांधावर बसलेला असतो. डाव्या हातानं तंबाखू चोळत म्हणतो, "मधलं पोरं बघतील. तू तुझा कोपरा धर."