जमिनीवर बसलेली वेनी

ती जमिनीवर बसली आहे. साधा काळा ड्रेस, पाय पुढे पसरलेले, बुटाचा तळ सरळ आपल्याकडे. हातात मातीचा गोळा. तोंड किंचित उघडं आहे, म्हणजे काम करता करता तिला काहीतरी सुचलंय आणि आता ती ते बोलणार आहे. चेहऱ्यावर ‘मी कशी दिसतेय?’ हा प्रश्न अजिबात नाही. विचारात असलेल्या माणसाला तो पडतच नाही.

हे चित्र स्वीडनच्या हॅना पाउलीने १८८६-८७ मध्ये पॅरिसमध्ये काढलं. समोर बसलेली वेनी सोल्डान ही फिनलंडची चित्रकार, हॅनाची मैत्रीण. दोघी विशीतल्या, दोघी एकाच स्टुडिओत काम करणाऱ्या. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत, एकोल दे बोझार्तमध्ये, तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता; तो मिळायला १८९७ उजाडलं. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या मुली कोलारोसीसारख्या खासगी अकादमीत शिकायच्या. हॅनाही तिथेच शिकली. चित्र १८८७ च्या पॅरिस सलोनमध्ये लागलं. आज ते स्वीडनमध्येच, गोथेनबर्गच्या कला संग्रहालयात आहे.

त्या काळातली बाईची पोर्ट्रेट्स आठवून बघा. खुर्ची, रेशीम, दागिने, हातात पंखा किंवा फूल. बाई कशी ‘दिसते’ हे सांगणारी चित्रं. हॅनाने यातलं काहीच घेतलं नाही. जवळजवळ चौकोनी, माणसाच्या मापाचा मोठा कॅनव्हास घेतला आणि त्यावर कामाच्या कपड्यातली मैत्रीण फरशीवर बसवली. मला वाटतं, हे तिला जमलं कारण ती स्वतः तेच काम करत होती. हात माखलेले असताना डोक्यात काय चालू असतं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, अठ्ठावीस वर्षांची. सध्या माझे दोन फोटो फिरताहेत. एक बायोडेटासाठी काढलेला: साडी, मान थोडी तिरकी, ‘हात जरा पुढे घ्या मॅडम’वाला. दुसरा रूममेटने काढलाय. रात्रीचे दोन, प्रॉडक्शनवर काहीतरी पडलंय, मी गादीवर मांडी घालून लॅपटॉपकडे बघतेय, केसांत पेन्सिल खोचलेली. तीही माझ्याच टीममध्ये आहे. दुसरा फोटो बघून आई म्हणाली, “अगं, हा कुणाला दाखवू नकोस.” तिचंही बरोबर आहे. बायोडेटावर जे विचारतात, त्यातलं काहीच त्या फोटोत नाही. त्यात फक्त मी काय करते ते आहे, आणि ते टिपायला ते काम कळणारीच कुणीतरी लागली.

आता नावाची गंमत. चित्र आज ‘वेनी सोल्डान-ब्रोफेल्ट’ या नावाने ओळखलं जातं. पण ब्रोफेल्ट हे नाव तिला १८९१ मध्ये, लेखक युहानी आहोशी लग्न झाल्यावर मिळालं. आहोचं खरं आडनाव ब्रोफेल्ट. फरशीवर बसलेली मुलगी नुसती वेनी सोल्डान होती. आणि चित्र काढणारीही तेव्हा पाउली नव्हती. ती हॅना हिर्श होती. जॉर्ज पाउलीशी तिचं लग्न १८८७ मध्ये, चित्र पूर्ण झाल्यानंतर झालं. म्हणजे आज पाटीवर आपण वाचतो त्या दोन्ही नावांच्या बायका त्या स्टुडिओत तेव्हा नव्हत्याच.

दोघी लग्नानंतरही चित्रं काढत राहिल्या, म्हणून याला शोकांतिका म्हणता येणार नाही. पण मला ही गोष्ट टोचते. आमच्याकडे गिटमध्ये प्रत्येक बदलाशेजारी तो करणाऱ्याचं नाव राहतं. टीममधल्या एकीने लग्नानंतर नाव बदललं. तिचे जुने कमिट मात्र अजून माहेरच्या नावाने आहेत. नवीन आलेली मुलं विचारतात, “ही कोण? कंपनी सोडली का?” ती पलीकडच्याच डेस्कवर बसलेली असते.

लग्न ठरलं तर आडनावाचं काय, असं घरी परवा विचारलं गेलं. माझं उत्तर अजून तयार नाही. ते तयार होईपर्यंत त्या पाटीपेक्षा मला चित्रच जास्त उपयोगी पडतंय. त्यात नाव कुठलंही लावा, बुटाचा तळ आपल्याकडेच आहे, माती हातातच आहे, आणि ती अजून काहीतरी बोलणार आहे.