आईच्या बाजूचा दरवाजा

गाडीच्या दरवाज्याला एक छोटी लोखंडी पट्टी असते, माहितीये? मला माहीत नव्हतं. म्हणजे रोज दिसायची, पण लिफ्टमधल्या सूचनेसारखी. दिसते सगळ्यांना, वाचत कोणी नाही! दरवाजा उघडला की दोन बिजागऱ्यांच्या मध्ये, गाडीचा खांब आणि दरवाजा यांना जोडणारी ती पट्टी. गॅरेजवाले तिला ‘डोअर स्टॉपर’ म्हणतात. तिची कामं दोनच. दरवाजा उघडला की तिथेच धरून ठेवायचा, आणि त्यापुढे जाऊ द्यायचा नाही. बस्स.

माझ्या सेकंडहँड हॅचबॅकच्या या पट्टीची वाट लागली ती गेल्या वर्षी जुलैत, सिंहगडावर. ऑफिसची गँग, धो धो पाऊस आणि कांदाभजीचा प्लॅन. पार्किंगमध्ये शेजारच्या सीटवरच्या मैत्रिणीने दरवाजा उघडला मात्र, मागून आलेल्या वाऱ्याने तो तिच्या हातातून हिसकावूनच घेतला. कडाड! आम्ही हसलो आणि भजी खायला पळालो.

त्यानंतर तो दरवाजा उघडताना ‘टक’ असा आवाज करायला लागला. अर्ध्यावर थांबेनासा झाला. चढावर गाडी उभी असली की आपला आपण परत यायचा. गॅरेजमध्ये दाखवला. पट्टी ठणठणीत होती, पण ती जिथे बोल्टने बसते तिथला पत्राच फाटला होता. वेल्डिंग करा, मग पेंट करा, नाहीतर दरवाजाच बदला, असं सांगून त्यांनी एक आकडा ऐकवला. मी म्हटलं, जाऊ दे. चालतंय की!

चालतही होतं. कारण मी बसते ड्रायव्हरच्या सीटवर. शेजारच्या सीटवर बसते आई.

नोव्हेंबरमध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गाडीतून उतरायचं कसं, हे फिजिओथेरपिस्टने तिला नीट शिकवलं होतं. आधी सीटवरच बाहेरच्या बाजूला वळायचं, दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे, दोन्ही हात सीटवर रेटून उठायचं. दरवाज्याला धरून उठायचं नाही, तो हलतो. सगळं बरोबर. फक्त तेवढा वेळ दरवाजा उघडा राहायला हवा ना!

जानेवारीतली गोष्ट. क्लिनिकच्या चढावर गाडी लावली आणि मी फोनवर बोलत पुढून वळसा घालून तिच्या बाजूला आले. बघते तर आईने दरवाजा आणि उंबऱ्याच्या मध्ये घडीची छत्री आडवी अडकवलेली. जानेवारीत छत्री! मी काही विचारणार, तेवढ्यात छत्री सटकली आणि दरवाजा थेट तिच्या नडगीवर.

‘‘काही नाही गं, हलकाच लागला.’’

‘‘छत्री कधीपासून लावतेस?’’

‘‘दिवाळीनंतर.’’

‘‘मला सांगायचं ना मग!’’

‘‘तूच म्हणाली होतीस ना, चालतंय म्हणून.’’

यावर काय बोलणार? मी फोन बंद केला.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य काढून रिटायर झालेले. रविवारी सकाळी त्यांना खाली घेऊन आले. त्यांनी दरवाजा दोनदा हलवून पाहिला आणि म्हणाले, ‘‘बाळा, हे तू करशील. मी खुर्ची घेऊन बसतो.’’

आधी त्यांनी गणित समजावलं. दरवाज्याच्या कडेपासून बिजागरी साधारण १ मीटर लांब. पट्टी मात्र बिजागरीपासून जेमतेम ६ सेंटिमीटरवर. म्हणजे कडेला ५ किलोचा जोर पडला, तर पट्टीवर ८० किलोंच्या वर! आणि हे सगळं ओझं पेलायचं कोणी, तर मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्याने. वारा तर पाच किलोवर थांबत नाही. पत्रा फाटणार नाही तर काय होईल?

मग कामाला लागलो. काच पूर्ण वर केली, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. काच फिरवायच्या हँडलमागे एक स्प्रिंगची क्लिप असते. तिथे फडकं घालून ते मागेपुढे ओढलं की ती टुणकन बाहेर येते. हे शिकल्याचा आनंद मला अप्रेझलपेक्षा जास्त झाला! आतलं कव्हर निघालं, त्यामागचा प्लॅस्टिकचा कागद हळूच सोलला. खांबाकडचा एक बोल्ट आणि दरवाज्याकडचे दोन काढायच्या आधी काका ओरडले, ‘‘थांब! पट्टी निघाली की दरवाज्याला अडवणारं कोणी नाही. पुढच्या मडगार्डवर आपटेल.’’ मग दरवाजा चक्क ओढणीने बांधला.

पट्टी आतून, स्पीकरच्या भोकातून बाहेर काढली. फाटलेला पत्रा फुगून बाहेर आला होता. आतून लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने हळूहळू सपाट केला. प्रत्येक चिरेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडलं. चीर टोकापासून पुढे सरकते, गोल भोक पाडलं की तिथे थांबते. विमानाच्या पत्र्यालाही अशीच भोकं पाडतात म्हणे काका.

नंतर खरी मजा. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर भोकांचा साचा काढला, आणि त्यावरून ३ मिमी जाडीची लोखंडी प्लेट कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून आणली. मधल्या खाचेला कानस मात्र मीच मारली. हाताला फोड आले, पण खाच बसली! प्लेट फाटलेल्या भागापेक्षा मोठी, म्हणजे ओझं आजूबाजूच्या धडधाकट पत्र्यावर पसरतं. तिथे दोन जादा बोल्ट. प्लेट आतून, मग तिच्यावर पट्टीचा डबा. जाडी वाढल्याने बोल्ट थोडे लांब घेतले. बाहेरून मोठे वायसर. आवळण्याआधी उघड्या लोखंडाला रेड ऑक्साइड लावून वाळू दिलं.

आई शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, हातात मोबाइलचा टॉर्च आणि मांडीवर नट-बोल्टची वाटी. ‘‘हा पिवळसर कुठला गं?’’ असं दर पाच मिनिटांनी.

शेवटी दरवाज्यातला लोखंडाचा चुरा झाडून काढला, नाहीतर तोच गंजतो. काच खालीवर करून कुठे अडत नाही ना, पाहिलं. प्लॅस्टिकचा कागद परत नीट चिकटवला, कारण तो नसेल तर पावसाचं पाणी थेट आत येतं. पट्टीला ग्रीस. सगळा खर्च साडेतीनशे रुपये आणि काकांचे दोन चहा.

एक सांगते. चीर बिजागरीपर्यंत गेली असेल तर हा उद्योग घरी करू नका, सरळ वेल्डरकडे जा. आणि ‘टक’ ऐकू आल्यावर सहा महिने थांबू नका. पहिल्या आठवड्यात नुसते बोल्ट आवळले असते, तर एवढी चीर कदाचित वाढलीच नसती.

संध्याकाळी गाडी मुद्दाम सोसायटीच्या चढावर लावली. आईने दरवाजा उघडला. खट्. थांबला. ती वळली, दोन्ही पाय टेकवले, हात सीटवर रेटले आणि उठली. दरवाजा जागचा हलला नाही. मी मात्र तोवर श्वास रोखून उभी!

आईने छत्री उचलली आणि मागच्या सीटवर ठेवून दिली.

‘‘वर नेऊ का?’’ मी विचारलं.

‘‘राहू दे. पाऊस आला तर लागेल.’’