चिकटलेलं डिपॉझिट

फ्लॅट सोडायला दोन दिवस उरले होते. घरमालकीण काकूंच्या लोखंडी कपाटावर माझ्या रूममेटनं लावलेली डझनभर कार्टून्स, आणि डिपॉझिट माझं! आधी नखं मोडली. मग नेलपॉलिश रिमूव्हर घासलं, तर स्टिकर जिथल्या तिथे आणि कपाटाचा रंग बोळ्यावर. हे चुकूनही करू नका, त्यातलं ॲसिटोन रंग खातं. रात्री आईला फोन. ‘‘अगं, नव्या स्टीलच्या डब्याचं लेबल आपण गॅसवर धरूनच काढतो ना? ऊब मिळाली की गोंद सैल होतो.’’ सकाळी हेअर ड्रायर लावला, कोपरा धरून हळूहळू ओढलं. सुटलं! उरलेल्या चिकट्यावर खोबरेल तेल, 15 मिनिटं थांबून मऊ फडकं. काकू आल्या, तेव्हा रंग उडालेल्या जागेपुढे मी उभी. त्यांनी कपाटावरून बोट फिरवलं. ‘‘तेलकट का गं लागतंय?’’